हॅरिसनचा घसरलेला सूर

फसलेल्या सोलोंच्या, म्हणजे गाण्यातील एकाच वाद्याच्या स्वतंत्र तुकड्यांच्या, यादीत बीटल्स या ब्रिटिश बँडच्या ‘ऑल यू नीड इज लव्ह’ या गाण्यातील त्यांच्या जॉर्ज हॅरिसनचे गिटारवादन घालणे मला अन्यायाचे वाटते. त्याचा शेवटचा सूर घसरतो, हे मान्यच करावे लागेल. परंतु २५ जून १९६७ रोजी लंडनच्या ईएमआय स्टुडिओतून उपग्रहाद्वारे अनेक देशांत थेट प्रक्षेपण चालू असताना, शेजारी वाद्यवृंद वाजत असताना त्याने ते वाजवले होते, आणि तिथे दुसरी संधी मिळणारच नव्हती. पुढे ध्वनिमुद्रिकेसाठी बँडचा गायक जॉन लेनन याच्या गायनाचा काही भाग पुन्हा मुद्रित झाला, ड्रमवादक रिंगो स्टारचा सुरुवातीचा ड्रमरोलही नव्याने जोडला गेला. सोलो मात्र तसाच ठेवला गेला, आणि हा निर्णय मला अतिशय योग्य वाटतो, कारण त्या काही सेकंदांत ऐकू येणारा प्रत्यक्ष वादनाचा ताण कोणत्याही सफाईदार दुरुस्तीने पुसून टाकला असता.