बेनितो हुआरेस ‘एकट्याच्या जोरावर’ मोठा झाला नव्हता

मेक्सिकोच्या मेंढपाळ पोराचा तो मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, आमच्या घरच्या ग्रुपवर तर आठवड्यात तीनदा आला आणि तिसऱ्यांदा काकांनी टाकला तेव्हा मला राहवलं नाही. थोडक्यात मेसेज असा: बेनितो हुआरेस, आईबाप नसलेला आदिवासी पोरगा, मेंढ्या राखायचा, कुणाची मदत नाही, कुठली सवलत नाही, स्वतःच्या जोरावर वकील झाला, निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला, लिंकनने सैन्य पाठवलं आणि फ्रेंचांना हाकललं, मग काम झाल्यावर खुर्ची सोडून साधेपणाने गावी गेला. आणि शेवटी टोमणा, की आपली पोरं मात्र सवलती मागत बसतात. त्या टोमण्यासाठीच बाकीचं सगळं लिहिलंय हे उघड आहे, आणि नेमकं तेच सगळ्यात खोटं आहे.

आईबाप नव्हते, मेंढ्या राखायचा, हे खरंय. २१ मार्च १८०६ ला ओआहाका राज्यातल्या ग्वेलाताओ नावाच्या झापोतेक आदिवासींच्या वस्तीत जन्म, तीन वर्षांचा असताना दोघंही गेले, आधी आजीआजोबांनी मग काकाने सांभाळलं. पण ‘कुणाची मदत नाही’ हे कुठून काढलं? त्याने स्वतः मुलांसाठी टिपणं लिहून ठेवलीत त्यात सगळं आहे. काका शेतातून आल्यावर त्याला थोडं स्पॅनिश शिकवायचा, आणि हा पोरगा धडा म्हणून दाखवायच्या वेळी स्वतःच चाबूक आणून काकाच्या हातात द्यायचा, की चुकलो तर मारा. एवढी शिकायची ओढ. पण गावात शाळाच नव्हती, मग नुसत्या ओढीने काय होणार? म्हणून १७ डिसेंबर १८१८ ला, बारा वर्षांचा असताना, तो घरातून पळाला आणि साठेक किलोमीटर चालून त्याच रात्री ओआहाका शहरात पोचला.

आणि पोचला कुणाच्या दारात? बहिणीच्या. होसेफा त्याच्या आधीच शहरात आली होती, मासा नावाच्या कुटुंबाकडे स्वयंपाकीण होती, तिच्याच आधाराने त्याला तिथे थारा मिळाला. ही बाई मेसेजमध्ये कुठेच नाही! दुसऱ्याच्या घरी चूल फुंकणारी बहीण नसती तर तो पोरगा त्या रात्री रस्त्यावर झोपला असता. मग आंतोनियो सालानुएवा, पुस्तकबांधणी करणारा धार्मिक वृत्तीचा माणूस, त्याने आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शाळेत घातलं. त्या शाळांची गंमत नाही, दुःख आहे, कारण एका शाळेत बऱ्या घरच्या मुलांना गुरुजी स्वतः शिकवायचे आणि हुआरेससारखी गरीब पोरं वेगळी बसवून मदतनिसाच्या हाती सोपवायचे. त्याने ती शाळा सोडली. मेहनत तर दोन्हीकडची मुलं करत होती ना, बसायची जागा कुणी ठरवली?

पुढे सेमिनरीत गेला पण पाद्री व्हायचं नव्हतं. १८२७ मध्ये राज्य सरकारने ओआहाकात विज्ञान आणि कलांची संस्था काढली, चर्चच्या हाताबाहेरची, आणि पुढच्याच वर्षी तो तिथे कायदा शिकायला गेला, १८३४ मध्ये वकील झाला. म्हणजे सरकारी पैशाने चालणारी संस्था निघाली नसती तर मेक्सिकोला एक पाद्री जास्त मिळाला असता आणि हा वकील मिळालाच नसता.

वकिलीचं मेसेजमध्ये एकच वाक्य आहे, आणि मला तर सगळ्यात जास्त तेच खटकतं कारण माणूस तिथे घडलाय. लोहिचा गावचे लोक त्याच्याकडे आले, पाद्री मनमानी फी उकळतो म्हणून. त्याने केस घेतली. पण पाद्र्यावर खटला चालायचा चर्चच्याच कोर्टात! मध्येच राजकीय वारं फिरलं, गावकऱ्यांना आत टाकलं आणि त्यांच्यासाठी धावपळ करणाऱ्या वकिलालाही आत टाकलं, नऊ दिवस. ह्या असल्या फटक्यांनीच विशेष हक्कवाल्या वर्गांची सत्ता मोडायचा आपला निश्चय पक्का झाला असं त्याने लिहिलंय. आणि एकवीस वर्षांनी, नोव्हेंबर १८५५ मध्ये, तो न्यायमंत्री झाल्यावर त्याच्या नावाचा कायदा आला आणि दिवाणी दावे चर्चच्या आणि लष्कराच्या खास कोर्टांतून काढून घेतले.

मधल्या काळात हुकूमशहा सांता आनाने त्याला देशाबाहेर काढलं होतं, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला. ओआहाका राज्याचा माजी गव्हर्नर असलेला हा माणूस तिथे पोटासाठी सिगार वळत होता आणि इकडे बायको मार्गारिता एत्ला गावात दुकान चालवून पोरं सांभाळत होती, वर त्यालाही पैसे पाठवत होती. हेही ‘स्वतःच्या जोरावर’मध्येच धरायचं का?

निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला, हेही चूक. तो सुप्रीम कोर्टाचा प्रमुख होता आणि १८५७ च्या घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाची जागा रिकामी झाली की ती कोर्टाच्या प्रमुखाकडे जायची. तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष कोमोनफोर्तने स्वतःच ती घटना गुंडाळली, हुआरेसला कैदेत टाकलं, आणि जानेवारी १८५८ मध्ये सुटल्यावर ह्याने त्या कलमाच्या आधारे पद घेतलं. विरोधकांनी आपला वेगळा राष्ट्राध्यक्ष बसवला आणि तीन वर्षं यादवी चालली. मार्चमध्ये ग्वादालाहारात बंड केलेल्या सैनिकांनी त्याच्यावर बंदुका रोखल्या तेव्हा त्याचा मंत्री गियेर्मो प्रिएतो मध्ये पडला आणि ओरडला की शूर माणसं खून करत नाहीत, म्हणून जीव वाचला. मतदानाने निवडून आला तो १८६१ मध्ये.

लिंकनचं तर सोडाच. दोघं आयुष्यात कधी भेटले नाहीत. हुआरेसचा दूत मातियास रोमेरो लिंकनला भेटला होता, अमेरिकेची सहानुभूतीही होती, पण १८६१ ते ६५ त्यांच्याच घरात यादवीची आग लागलेली, सैन्य कुठून पाठवणार? ५ मे १८६२ ला पुएब्ला शहरात, चालून आलेल्या फ्रेंचांना मारलं ते सेनापती सारागोसाच्या मेक्सिकन फौजेने. लिंकन गेल्यानंतर, १८६५ नंतर अमेरिकेचा दबाव वाढला, सरहद्दीवरून शस्त्रं आली, ते मान्य. पण त्याआधी हुआरेस बग्गीतून सरकार घेऊन उत्तरेकडे सरकत होता तेव्हा देशाची सरकारी कागदपत्रं कोआविला राज्यातल्या शेतकऱ्यांनी गुहेत लपवली, त्या शेतकऱ्यांपैकी काहींचा छळ झाला, काही मारले गेले, पण जागा सांगितली नाही. मदत म्हणायची तर ही.

आता ज्यांना हुआरेस आवडतो त्यांनाही एक सांगायचंय, मलाही आवडतो म्हणून जरा जड जातंय. तो आदिवासी होता म्हणून आदिवासींचं सगळं भलं झालं असं नाही. त्याच्याच गटाच्या सरकारने केलेल्या १८५६ च्या लेर्दो कायद्याने संस्थांच्या जमिनी विकायला लावल्या, रोख चर्चवर होता, पण त्यात गावांच्या सामाईक जमिनीही सापडल्या आणि पुष्कळ आदिवासी गावांचं नुकसान झालं. १९ जून १८६७ ला केरेतारोत, फ्रेंचांनी बसवलेला सम्राट मॅक्सिमिलियन याच्याबरोबर ज्या सेनापतींना गोळ्या घातल्या त्यातला तोमास मेहिया स्वतः ओतोमी आदिवासी होता. आदिवासी सगळे एकाच बाजूला नव्हते.

आणि खुर्ची सोडून गावी गेला ही ओळ तर सरळ काढून टाका. १८६५ मध्ये मुदत संपली तेव्हा युद्ध चालू आहे म्हणून त्याने हुकूम काढून स्वतःची मुदत वाढवली, कोर्टाचा प्रमुख गोन्सालेस ओर्तेगा म्हणत होता की आता घटनेप्रमाणे पद माझं, म्हणजे ज्या नियमाने हा वर आला तोच नियम पुढे केला होता. युद्धाचं कारण मला पटतं, त्याच्याच काही साथीदारांना पटलं नाही. १८७१ मध्ये परत उभा राहिला तेव्हा त्याच्याच बाजूने लढलेला सेनापती पोर्फिरिओ दियासने बंड केलं. १८ जुलै १८७२ ला हृदयविकाराने गेला तो मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय राजवाड्यात, राष्ट्राध्यक्ष असतानाच.