नाव विचारणे

गेल्या महिन्यात लॅबमधल्या मैत्रिणीने माझ्या हातावर पेढा ठेवला. म्हणाली, "बाबा काल घरी आले. तुझ्या प्रार्थनेला यश आलं गं." मी पेढा खाल्ला, तिला मिठी मारली. प्रार्थना मी केलीच नव्हती.

त्याच्या अकरा दिवस आधी, तिच्या बाबांच्या बायपासच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली होती, "तुम्ही लोकं प्रार्थना करता ना? माझ्या बाबांसाठी कर." मी लगेच म्हटलं, "हो, नक्की करते." म्हणताना मनात काही खोट नव्हती. समोर सॅम्पलचा ट्रे होता, सकाळची गर्दी होती, उपाशीपोटी शुगर द्यायला आलेले एक काका सारखे घड्याळाकडे बघत होते. दुपारी घरी गेले, जेवले, रात्री मोबाइल बघता बघता झोपले. दुसऱ्या दिवशी तिची रिकामी खुर्ची दिसली तेव्हा ऑपरेशन आठवलं, पण दिलेला शब्द नाही आठवला.

पेढ्याची चव दिवसभर तोंडात राहिली. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

मला वाटतं, आपण ख्रिस्ती माणसं "तुमच्यासाठी प्रार्थना करते" हे वाक्य फार स्वस्तात देतो. मी ज्या ज्या ग्रुपवर आहे तिथे रोज एखादा निरोप येतो. कुणी आयसीयूत आहे, कुणाचा व्हिसा अडकलाय, कुणाचं बाळंतपण अवघड आहे. दोन मिनिटांत जोडलेल्या हातांची रांग लागते, खाली आमेन, आमेन. त्यातले कितीजण फोन बाजूला ठेवून डोळे मिटतात हे देवाला ठाऊक. मी फक्त माझं सांगते. ते हात पाठवले की माझ्या मनाला काम झाल्यासारखं वाटतं, आणि मग ते नाव माझ्याकडे परत येत नाही. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो" म्हणून वाटेला लावणारा माणूस आहे ना, तो मला आताशा ओळखीचा वाटू लागलाय.

यापेक्षा वाईट गोष्टही होते. प्रार्थनेच्या नावाखाली दुसऱ्याच्या घरातलं चव्हाट्यावर येतं. "अमक्यांच्या मुलीसाठी प्रार्थना करा, ती घर सोडून गेलीय." त्या मुलीला विचारलं होतं का? तिच्या आईला? मला याची खरोखर चीड येते. अशी एक मुलगी मला माहीत आहे. ती परत घरी आली, पण चर्चला येणं तिने सोडलं. सगळ्यांच्या नजरेत तिला ती प्रार्थना दिसायची.

आता आजीबद्दल.

आजीचं माहेर नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. लग्न होऊन ती 1966 साली इंदूरला आली, कारण आजोबा इथल्या कापड गिरणीत होते. अहिल्याबाई होळकर त्याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, म्हणून आजी राजवाड्यासमोरून जाताना आम्हाला सांगायची, "आम्ही दोघीपण नगरच्या पोरी, दोघीपण इंदूरला दिल्या." नगरला 1831 मध्ये आलेल्या अमेरिकन मिशनच्या वस्तीत ती वाढली होती, आणि इथे तिला मिळालं ते 1877 साली आलेल्या कॅनडाच्या मिशनऱ्यांनी उभं केलेलं चर्च. तिथली उपासना हिंदीत. रविवारी ती सगळ्यांना "जय मसीह की" म्हणायची, आणि घराचा उंबरा ओलांडला की आम्हाला "सलाम". स्वयंपाकघरात रेव्हरंड टिळकांची भजनं. ती हिंदीत प्रार्थना म्हणायची तेव्हा पाहुण्यासारखी नीट बसायची. मराठीत म्हणायची तेव्हा देवाला सरळ "तू" म्हणायची, आणि कधीकधी "ऐक ना रे" असंही.

तिची एक वही होती. शंभर पानी, शाळेची, तपकिरी कव्हर घातलेली. डाव्या बाजूला नाव, उजवीकडे एकच शब्द. गुडघे. नोकरी. दारू. परीक्षा. कर्ज. पहाटे पाच वाजता ती वही मांडीवर उघडायची, प्रत्येक नावावर बोट ठेवायची, ओठ हलायचे, बोट पुढच्या ओळीवर जायचं. एक पान संपलं की थांबायची, कारण रोज एकच पान हा तिचा नेम होता. मी लहानपणी विचारलं होतं, सगळी वही एकदम का नाही वाचत? म्हणाली, "पोरी, हजेरी घ्यायची नाहीये."

वहीत आमच्या चर्चची माणसं निम्मी असतील. बाकी गल्लीतली. शेजारच्या देशपांडेकाकू, कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्त करणारे चाचा, माझ्या शाळेतल्या बाई. आणि मधूनमधून काही ओळींत नावाच्या जागी वेगळंच लिहिलेलं: "गॅस आणणारा मुलगा (नाव विचारणे)". "भाजीवालीची धाकटी (नाव विचारणे)". पुढे कधीतरी कंस खोडून वेगळ्या शाईने नाव घातलेलं असायचं. नाव कळल्याशिवाय तिला प्रार्थना जमायची नाही. देवाला माहीत आहे की कोण ते, असं मी म्हटलं तर म्हणायची, "त्याला माहीत आहे गं. मला कुठे माहीत आहे?"

हे वाक्य मला लॅबमध्ये काम करायला लागल्यावर समजलं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, पेशंटला "तुम्ही अमुक ना?" असं विचारायचं नाही. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो. त्यालाच नाव सांगायला लावायचं, मग वय, मग ते ट्यूबवरच्या लेबलशी ताडून बघायचं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची, नाहीतर रक्त गोठतं. हलवताना लेबल डोळ्यांसमोरून जातं. नाव, वय. नाव, वय. दिवसाला ऐंशी-नव्वद. बरीच वर्षं ती माझ्यासाठी फक्त लेबलं होती. आता त्या आठ-दहा हेलकाव्यांत मी ते नाव मनात एकदा घेते. एवढंच. कुणाला सांगत नाही, कुणाला कळतही नाही.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय चर्चमध्ये कुणी सहसा वाचत नाही, कारण त्यात जवळजवळ सगळी नावंच आहेत. प्रिस्क व अक्विला यांना सलाम सांगा, मरीयेला सलाम सांगा, अशी वीसहून जास्त नावं. आजीला तो अध्याय फार प्रिय. त्यात पौल रूफच्या आईला सलाम सांगतो आणि म्हणतो की ती माझीही आई आहे. आजी तिथे वाचायची थांबायची. एवढा मोठा प्रेषित, आणि कुणाच्या तरी आईने त्याला कधीतरी जेवू घातलं असेल, ते तो विसरला नाही.

वही चमत्कारांची होती असं कुणी समजू नका. आजीच्या एका भाच्याच्या नावापुढे "दारू" होतं, आणि वह्या बदलत गेल्या तरी एकोणीस वर्षं ते नाव नव्या वहीत उतरत राहिलं. तो दारूनेच गेला. आजीने नाव खोडलं नाही. त्याच ओळीत पुढे त्याच्या बायकोचं आणि दोन मुलांची नावं लिहिली. "गिरणीचे पैसे" ही ओळ तर प्रत्येक वहीत होती. आजोबांची गिरणी 1991 साली बंद पडली. कामगारांची देणी मिळायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तेव्हा आजोबा नव्हते, आणि आजी 2022 च्या पावसाळ्यात गेली होती. बाबांनी बँकेतून आल्यावर कपाटातून तिची शेवटची वही काढली, ती ओळ शोधली आणि पट्टी लावून तिच्याखाली रेघ मारली. मग खूप वेळ तिथेच बसून राहिले. याला उत्तर मिळालं म्हणायचं का, मला सांगता येत नाही. तीस वर्षं एक बाई पुन्हा पुन्हा हा विषय देवापुढे ठेवत होती आणि त्या सगळ्या वर्षांत कडवट झाली नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका पानावर मला अशा माणसाचं नाव सापडलं ज्याने आजोबांचे पैसे बुडवले होते. घरात आम्ही ते नाव उच्चारत नव्हतो. त्याच्यापुढे आजीने काहीच लिहिलं नव्हतं, उजवी बाजू कोरी होती. काय मागावं हे तिला सुचलं नसावं. तरी नाव होतं.

ते पान पाहिलं की मला कॅथलिक संन्यासिनी सिस्टर राणी मरिया आठवतात. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरच्या गरीब शेतमजुरांसाठी सावकारीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या या सिस्टरना 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भोसकून मारलं गेलं. मारणाऱ्याला त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, 2002 साली तुरुंगात जाऊन राखी बांधली. पुढे त्यांच्या आईनेही त्याला माफ केलं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदुरात राणी मरियांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा मी एका कॅथलिक मैत्रिणीबरोबर तिथे गेले होते. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडे संतांची ती परंपरा नाही. पण त्या गर्दीत उभं राहून मी एकच विचार करत होते: राखी बांधायला जाण्याआधी त्या बहिणीने किती रात्री त्या माणसाचं नाव घेतलं असेल? पहिल्या रात्री ते तोंडातून निघालं तरी असेल का?

आमच्या राज्यात आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. मध्य प्रदेशात जबरदस्तीने किंवा आमिषाने केलेल्या धर्मांतराविरुद्ध 1968 पासून कायदा आहे, 2021 साली तो नव्याने आला. त्यामुळे "मी तुमच्यासाठी प्रार्थना करते" हे वाक्य इथे काहींच्या कानाला आमिषासारखं लागतं. मला त्याचं वाईट वाटतं, रागही येतो, पण आजीची पद्धत मला इथेही बरोबर वाटते. ती आधी विचारायची, "तुझं नाव घेऊ का?" नको म्हटलं तर नाही. हो म्हटलं तर घरी, पहाटे, दार लोटून. कुणाच्या डोक्यावर हात ठेवायला ती कधी गेली नाही.

आणि केलेल्या प्रार्थनेने माणूस उठून कामाला लागतो, हेही तिच्याकडेच पाहिलं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण पक्षाघाती मित्राची बाज छपरावर चढवतात, छप्पर उसकटतात आणि त्याला येशूपुढे खाली सोडतात. येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला पापांची क्षमा केली आणि मग बरं केलं, असं तिथे लिहिलंय. त्या चौघांचे हात मातीने भरले असणार. "गुडघे" लिहिलेल्या देशपांडेकाकूंचं दळण आजीच आणायची.

पेढ्यानंतर चार दिवसांनी मी मैत्रिणीला खरं सांगितलं. चहाच्या सुट्टीत, जिन्यात. म्हटलं, "मी तुला खोटं बोलले. बाबांसाठी प्रार्थना करायची मी विसरले होते, आणि पेढा गुपचूप खाल्ला." ती चिडेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग आज कर ना. बायपाससाठी पायातली शीर काढली, ती जखम अजून भरत नाहीये. शुगर आहे त्यांना."

त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मी शंभर पानी वही आणली. पहिल्या ओळीत तिच्या बाबांचं नाव, पुढे "पाय". आता ग्रुपवर मी हात जोडलेलं चित्र पाठवत नाही. नाव वहीत उतरवलं तरच "लिहिलं" एवढं कळवते, आणि जमणार नसेल तर गप्प राहते. काहींना ते उद्धटपणाचं वाटलंय. वाटू दे.

दुसऱ्या ओळीला मी बराच वेळ अडले. मग लिहिलं: "कचरागाडीवरच्या ताई (नाव विचारणे)". 2017 पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं की आपण सगळीकडे अभिमानाने सांगतो. गेली दोन वर्षं रोज सकाळी गाणं वाजवत गाडी येते, मी ओल्याची बादली आणि सुक्याची बादली घेऊन फाटकात उभी राहते, आणि त्या माझ्या हातातून घेतात. नाव मला माहीत नव्हतं.

परवा विचारलं. गाण्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून जवळ जाऊन पुन्हा विचारलं. त्यांच्या हातातली बादली तशीच राहिली. नाव सांगितलं, आणि मग जरा घाबरत म्हणाल्या, "क्यों दीदी, कोई शिकायत है क्या?"