रिन्युअलचं बिल आणि कुणी न उघडलेला कन्सोल

विषय निघाला तो तात्याच्या मोबाइलवर आलेल्या कोटेशनवरून. तीस कॉम्प्युटरचं ऑफिस, अँटिव्हायरसचं तीन वर्षांचं लायसन्स संपायला आलेलं.

"विंडोजबरोबर डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट येतो ना? मग हे पैसे कशाचे? तीन वर्षांत एक व्हायरस आलेला नाही," तात्या म्हणाला.

"आला नाही, की आलेला तुला कळला नाही?" बाळ्याने लगेच पकडलं. बाळ्याचं पोट लोकांच्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळण्यावर चालतं, त्यामुळे तो कुठल्या बाजूने बोलणार हे आम्हाला ठाऊक होतं. पण पठ्ठ्याने सुरुवातच उलटी केली. "पकडण्याचं म्हणशील तर डिफेंडर वाईट नाही. स्वतंत्र लॅबच्या चाचण्यांत चांगले गुण घेतो. तू पैसे देतोस ते कन्सोलचे. कुठल्या मशीनवर महिनाभर अपडेट नाही, कुणी संरक्षण बंद करून ठेवलंय, कुठे पेनड्राइव्ह लागला, हे सगळं एका स्क्रीनवर दिसतं. एखादं मशीन बिघडलं तर जागेवरून न उठता नेटवर्कमधून तोडता येतं. आणि पासवर्डशिवाय कुणाला ते अनइन्स्टॉल करता येत नाही."

ताई इतका वेळ गप्प होती. ती ऑडिटमधली, कागद बघितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. "पण आत चालतं काय? चांगली फाइल आणि वाईट फाइल त्याला कळते कशी?"

बाळ्या खुलला. जुनी पद्धत म्हणजे ओळखपरेड: आधी सापडलेल्या व्हायरसच्या खुणा, म्हणजे सिग्नेचर, यादीत असतात आणि फाइल त्यांच्याशी ताडून बघायची. व्हायरस लिहिणारा दर वेळी कोड थोडा बदलतो आणि यादी चुकवतो. म्हणून आता वागणुकीवर नजर ठेवतात. एखादा प्रोग्राम धडाधड शेकडो फाइली उघडून त्या एन्क्रिप्ट करून परत लिहू लागला, तर त्याचं नाव-गाव माहीत नसलं तरी त्याला थांबवायचं. रॅन्समवेअरसाठी, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी, हे फार कामाचं आहे, आणि इथे बाळ्याचं मला शंभर टक्के पटलं.

"म्हणजे सगळं पकडतं," तात्या म्हणाला.

"नाही पकडत. पकडूच शकत नाही. फ्रेड कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने १९८४ सालीच गणिताने दाखवलंय की प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्राम लिहिणं शक्य नाही. माहितीपत्रकात एआय-बियाय काहीही छापू देत."

मग ताईने हत्यार काढलं. "मला सांग, पुरवठादाराच्या नावाने मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट नव्या खात्यावर करा. अटॅचमेंट नाही, लिंक नाही. तुझा अँटिव्हायरस यात काय तपासणार?"

"काही नाही," बाळ्या म्हणाला. "तिथे फोन उचलून विचारायचं. मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर."

"आणि चोराने खरा पासवर्ड वापरून लॉगइन केलं तर?"

इथे बाळ्याने नॉटपेट्या या विध्वंसक व्हायरसचं उदाहरण दिलं. जून २०१७. युक्रेनमध्ये बऱ्याच कंपन्या वापरत असलेल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच ते आत शिरलं. म्हणजे दार वाजवणारा नेहमीचाच माणूस. आत गेल्यावर मेमरीतून पासवर्ड उचलले आणि अ‍ॅडमिन लोक रोज वापरतात तीच हत्यारं, दुसऱ्या मशीनवर दुरून हुकूम चालवणारं पीएसएक्झेक वगैरे, घेऊन ते एका मशीनवरून दुसऱ्यावर गेलं. विंडोजची दुरुस्ती, म्हणजे पॅच, लावलेली मशीनंसुद्धा त्यात गेली. मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

"मग बॅकअप हाच खरा अँटिव्हायरस," तात्या.

"बॅकअप नेटवर्कला कायम जोडलेला असेल तर तोही जातो," ताई.

मला एक मुद्दा राहून राहून खटकत होता, तो मी घातला. हे सॉफ्टवेअर सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसतं, मग तेच चुकलं तर? एप्रिल २०१० मध्ये अँटिव्हायरस बनवणाऱ्या मॅकअ‍ॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली आणि मशीनं बसली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज मशीनं निळा पडदा दाखवून बंद पडली. राखणदारच उंबऱ्यात आडवा.

"म्हणून अपडेट आधी चार मशीनांवर सोडायचं, मग सगळीकडे," बाळ्या म्हणाला. पण जरा हळू आवाजात. क्राउडस्ट्राइकच्या त्या अपडेटला ग्राहकाने लावलेली टप्प्यांची सेटिंग लागूच होत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं.

"ते सगळं राहू दे," ताई तात्याकडे वळली. "तुझा कन्सोल बघतो कोण?"

तात्याने दोन क्षण आठवलं. "पहिले एक मुलगा होता. त्याने सोडलं."

"अलर्ट कुणाच्या मेलवर जातात?"

"त्याच्याच असतील."

बाळ्याने कपाळाला हात लावला. मग तिथेच, तात्याच्या मोबाइलवर, कसाबसा पासवर्ड रीसेट करून दोघांनी कन्सोल उघडला. यादीत तीसऐवजी सव्वीसच मशीनं. त्यातली नऊ कित्येक महिन्यांत एकदाही संपर्कात आलेली नाहीत. बाळ्याने अपवादांची यादी उघडली. स्कॅन करताना कुठली फोल्डरं सोडून द्यायची, ती इथे लिहिलेली असतात.

एकच ओळ होती. आख्खा सी ड्राइव्ह.

"हे कुणी घातलं?"

"अकाउंट्सचं सॉफ्टवेअर हळू चालायचं रे," तात्या म्हणाला. "मीच त्याला सांगितलं होतं, काहीतरी कर म्हणून."