‘गुलाबी साडी’ टिकणार का? हिंगणघाटच्या धुमालवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री वाचली. उत्तराला पंधरा दिवस लागले, कारण तुम्ही जे म्हणता ते घरात बसून खोडण्यासारखं नव्हतं, वावरात जाऊन बघण्यासारखं होतं. आणि आमच्याकडे, राळेगावच्या बाजूला, कापसाची वेचणी नुकतीच लागली होती.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या मराठी गाण्यांपैकी पंचवीस वर्षांनी आपल्या गावांत काय ऐकू येईल, यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. ‘सैराट’ची गाणी राहतील, ‘बहरला हा मधुमास’ राहील, ‘गुलाबी साडी’ मात्र दोन-तीन लग्नसराईंत संपेल, असा माझा अंदाज होता. त्यावर तुम्ही, १६ वर्षं धुमाल पार्टीत, म्हणजे वरातीपुढच्या वाजंत्री ताफ्यात, कॅसिओ वाजवणारे, तीन गोष्टी लिहिल्या. एक, मी गाण्याला कवितेच्या काट्यावर तोलतो. आनंद शिंदेंचा ‘पोपट’ आला तेव्हाही शिकलेल्यांनी नाकं मुरडली होती आणि आज तो वाजल्याशिवाय वरात पुढे सरकत नाही. दोन, ‘मधुमास’ म्हणजे काय ते गावातल्या दहा जणांना विचारून या. तीन, एवढ्या लांब लेखात भीमगीताचा एक शब्द नाही. “तुमाले तुमचं गाव अर्धंच दिसते,” हे तुमचं शेवटचं वाक्य.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण तिथं तुमचं पूर्णच खरं आहे. १४ एप्रिलच्या आठ दिवस आधीपासून आमच्या गावात ही गाणी लागतात, माझ्या अंगणात स्पष्ट ऐकू येतात, आणि गाण्यांवर लिहायला बसलो तेव्हा मला ती आठवली नाहीत. हे वाचून मला मनापासून वाईट वाटलं. शिवाय टिकण्याचाच प्रश्न असेल तर इतका पक्का दाखला दुसरा कुठला? भीमगीतं लिहिणारे-गाणारे वामनदादा कर्डक नाशिक जिल्ह्यातले, सिन्नरकडचे. जन्म १९२२ चा, गेले २००४ साली. त्यांची गाणी आमच्यापर्यंत सिनेमानं आणली नाहीत. गायन पार्ट्यांनी आणली, छोट्या पुस्तिकांनी आणली, नंतर कॅसेटींनी. दीक्षाभूमीवरून परतताना माणसं पिशवीत पुस्तकं आणतात तशी गाणीही आणतात. आमच्या गल्लीतली एक आजी भीमाचा पाळणा शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणते. तिला अक्षरओळख नाही.

आता दर एप्रिलला डीजेसाठी नवी भीमगीतं निघतात, त्यांतली कोणती राहतील? मला वाटतं, ज्यांत बाबासाहेबांच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगितलेला आहे ती राहतील. प्रसंग पोराला झोपवताना सांगता येतो. नुसता जयघोष आणि खाली बेस असेल तर पुढच्या एप्रिलला त्या जागी दुसरं गाणं येईल. इथं तुमचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, चुकत असेन तर सांगा.

आता ‘मधुमास’. विचारलं मी. दहा नाही सापडले, सात जणांना विचारलं. दोघांना वसंताशी काही संबंध आहे एवढं माहीत होतं. एका बाईनं “मधाचा महिना” असं सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. पण भाऊ, शब्द कळत नाही म्हणून गाणं मरतं, हे मला पटत नाही. आपल्याकडच्या भुलाबाईचंच बघा. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज संध्याकाळी घरोघर ती गाणी म्हणतात. त्यांतले कितीतरी शब्द माझ्या आईला कळत नव्हते, तिच्या आईलाही नव्हते. तरी ते कोणी गाळले नाहीत, कारण गाणं पूर्ण झाल्याशिवाय खिरापत ओळखायला मिळत नाही. गाण्यामागं काहीतरी ठरलेलं असलं, की न कळणारे शब्दही माणसं सांभाळून ठेवतात.

‘मधुमास’ची अडचण वेगळी आहे, आणि ती माझ्या लेखात यायला हवी होती. ते गाणं श्रेया घोषाल आणि अजय गोगावले यांच्या गळ्यातलं आहे. तिथून काढून आपल्या गळ्यात घालताना दमछाक होते. गंमत बघा, ज्या सिनेमातलं ते गाणं, तो २०२३ चा ‘महाराष्ट्र शाहीर’ शाहीर साबळ्यांवरचा. आणि साबळ्यांनी गायलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ त्याच २०२३ साली राज्यगीत झालं. लिहिणारे राजा बढे आपल्या नागपूरचे, चाल श्रीनिवास खळ्यांची. सरकारनं निवडलं म्हणून ते टिकलेलं नाही. सहा दशकं ते लोकांच्या तोंडात होतं, म्हणून सरकारला सापडलं. आमच्या शाळेच्या परिपाठात पहिलीतली पोरं बेसूर, पण एका दमात म्हणतात. ‘मधुमास’ पहिलीतलं पोर म्हणू शकणार नाही. स्नेहसंमेलनात त्यावर नाच होत राहतील, आणखी बरीच वर्षं होतील. पण ‘राहील’ असं जे मी ठासून लिहिलं होतं, ते मागं घेतो.

आता तुमचा पहिला मुद्दा. पंधरा दिवस माझ्या डोक्यात तोच होता.

आमच्या वावरात नऊ बायांची टोळी वेचणीला होती. त्यांतल्या सर्वांत लहान सुनेचा फोन ओटीच्या वरच्या बाजूला खोचलेला, त्यावर दिवसभर गाणी. आमचं वावर नाल्याकडं उतरतं, आणि खालच्या तासांत, म्हणजे पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) ओळींत, रेंज जाते. गाणं मधेच तुटतं. मग काही वेळ नुसता पऱ्हाटीचा आवाज, आणि त्यानंतर कोणाच्या तरी तोंडून गाणं सुरू होतं. मला तेच ऐकायचं होतं. दोन दिवस मी त्यांच्यासोबत तास धरून वेचत होतो.

रेंज गेल्यावर ‘याड लागलं’ एकीनं पूर्ण म्हटलं. मधे दोन ठिकाणी शब्द चुकले, तिनं आपले घातले आणि पुढे गेली. बाकीच्या गप्प राहून ऐकत होत्या. ‘झिंगाट’ कोणी म्हटलं नाही. मी विचारलं, “काऊन, ते येत नाही का?” तर एक मावशी म्हणाली, “थे नाचाचं गानं हाय बाप्पा, म्हनाचं नोहे.”

भाऊ, गाण्यांवर मी इतकी वर्षं लिहितो, पण ही वाटणी मला कधी सुचली नव्हती. नाचाचं आणि म्हनाचं. म्हनाचं गाणं तोंडातून तोंडात जातं. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, तरी ‘या झोपडीत माझ्या’ आजही सामुदायिक प्रार्थनेनंतर कोणीतरी सुरू करतं आणि खंजेरी नसली तरी टाळीवर चालतं. नाचाच्या गाण्याला तोंडाची गरज नसते, त्याला तुमच्यासारखी माणसं लागतात. ‘पोपट’ बायांनी वावरात म्हटला नसेल, पण तो बँडवाल्यांनी, धुमालवाल्यांनी वाहून आणला. ‘कोंबडी पळाली’चंही तेच. २०१२ मध्ये ती ‘चिकनी चमेली’ होऊन हिंदीत गेली, पण आमच्या वरातीत अजून कोंबडीच पळते. तेव्हा कवितेच्या काट्याचा तुमचा आरोप मी असा मान्य करतो: नाचाची गाणी मी म्हनाच्या मापानं मोजली. ‘मेंदीच्या पानावर’ ही सुरेश भटांची उत्तम कविता आहे आणि टिकली आहे, पण ‘पोपट’ कविता नसून टिकला आहे. दोघांचं टिकणं वेगळ्या खांद्यांवर आहे.

आणि मग ‘गुलाबी साडी’. पहिल्या दिवशी रेंज गेली तेव्हा नऊच्या नऊ बायांनी त्याची पहिली ओळ उचलली, हसल्या, पुन्हा एकदा म्हटली, आणि थांबल्या. पुढचं कोणालाच येत नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, माझाच अंदाज बरोबर. रीलवर जेवढं वाजतं तेवढंच तोंडात आहे, बाकीचं गाणं कोणाकडे नाही.

दुसरा दिवस रविवार होता. त्यांतल्या एकीची चौथीतली मुलगी आईसोबत आली होती. तिनं ते गाणं दोन्ही अंतऱ्यांसकट म्हटलं. आई चुकली तिथं आईला थांबवून दुरुस्त केलं. मी तास सोडून उभाच राहिलो.

एक फरक इथं सांगितला पाहिजे, तो मागच्या लेखात निसटला होता. ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. जिओ आलं त्याच वर्षी सप्टेंबरात. म्हणजे ‘सैराट’ची चारही गाणी आपल्या गावांत मेमरी कार्डावर पसरली. बाजाराच्या दिवशी मोबाईलच्या दुकानात जायचं, दहा-वीस रुपये द्यायचे, कार्डात गाणी भरून आणायची. कार्डात जेवढं भरलं तेवढंच घरात. पुढच्या बाजारापर्यंत तेच, तेच, तेच. लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदासोबत रेकॉर्ड केलेलं संगीत आमच्याकडे एका फुटक्या स्पीकरमधून शंभर वेळा वाजलं आणि म्हणून पाठ झालं. ‘गुलाबी साडी’वाला संजू राठोड जळगाव जिल्ह्यातला, मागं सिनेमा नाही, आणि त्याचं गाणं आलं २०२४ मध्ये. तेव्हा बोट वर सरकवलं की पुढचं गाणं हजर. एवढ्या गर्दीतून चौथीतल्या पोरीनं ते गाणं शेवटपर्यंत धरून ठेवलं असेल, तर त्याची वाट ‘सैराट’च्या गाण्यांपेक्षा अवघड होती. तुम्ही कोट्यवधी व्ह्यूजचा हिशेब दिला होता. त्यानं मी हललो नव्हतो, कारण व्ह्यूज म्हणजे किती वेळा वाजलं, किती जणांना येतं ते नव्हे. ही एक मुलगी मला त्या आकड्यापेक्षा जड वाटते.

तेव्हा ‘दोन-तीन लग्नसराई’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. ‘याड लागलं’बद्दल माझं मत आहे तेच आहे, वावरात ऐकल्यावर जास्तच पक्कं झालं. ‘झिंगाट’ तुमच्या हातात आहे, आणि सुरक्षित आहे. २०२२ ची ‘चंद्रा’ मी लेखात फार थोडक्यात उरकली होती. तिला वडसा-देसाईगंजकडच्या झाडीपट्टी नाटकांच्या मंचावर आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये जागा मिळत राहील. लावणीला आपल्याकडे मंच कमी पडत नाही.

‘गुलाबी साडी’बद्दल मात्र एक शंका उरते, आणि ती तुमच्याच प्रतिक्रियेतून आली आहे. तुम्ही मधेच लिहून गेलात की हे गाणं आलं की वरातवाले म्हणतात, कॅसिओ राहू द्या, ओरिजिनलच लावा. ‘पोपट’ला असं कोणी म्हणत नाही. ‘झिंगाट’ तर नुसत्या डफड्यावर निघतं, पहिल्या ठोक्याला कळतं. ओरिजिनल लावावं लागणारं गाणं अजून बँडवाल्याचं झालेलं नसतं, ते स्पीकरचंच असतं. उद्या स्पीकरवर दुसरं आलं की हे गेलं.

म्हणून एक विनंती. तुळशीच्या लग्नानंतर तुमचा सीझन सुरू होईल. एखाद्या वरातीत ‘गुलाबी साडी’ नुसत्या ढोल-ताशावर आणि तुमच्या कॅसिओवर वाजवून बघा, ट्रॅक पूर्ण बंद. पहिली ओळ संपल्यावर बाया पुढचं म्हणतात, की तिथंच थांबून तुमच्या तोंडाकडे बघतात, तेवढं मला लिहून कळवा. आणि राळेगावकडची सुपारी असली तर आधीच सांगा, मी स्वतः येतो.