सहा एफ आणि शेजारचे काका

"एवढ्या एका शब्दासाठी पगार देतात तुम्हाला?" हे वाक्य मला परवा डेक्कन क्वीनमध्ये, भरल्या डब्यात ऐकवण्यात आलं. ऐकवणारे काका तेव्हा ऑम्लेट खात होते.

आमच्या ऑफिसात कमांड लाइनवर चालणारं एक घरगुती हेक्स डम्प आहे. फाइल दिली की तिच्यातले बाइट (फाइल ज्या ० ते २५५ मधल्या आकड्यांची बनते ते) हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत, ओळीला सोळा असे मांडून दाखवायचे, बस. बाजारात एक्सएक्सडी आहे, ओडी आहे. ओडी तर १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासून आहे आणि नुसतं चालवलं तर आजही आकडे अष्टमान (फक्त ० ते ७) पद्धतीत देतं, म्हणजे हट्ट म्हणावा तो केवढा. तरी कंपनीत कुणाला तरी स्वतःचं हेक्स डम्प लिहायची हुक्की येतेच. तो माणूस लिहून निघून जातो आणि ते आमच्या गळ्यात पडतं.

तर आमचं हे डम्प इंग्रजी फाइलवर अगदी सुतासारखं चालायचं. मराठी दिली की बिघडायचं. 'मराठी' हा शब्द आणि पुढचा एंटर मिळून बरोबर सोळा बाइट होतात, नेमकी एक ओळ. तिची सुरुवात 'ई० ए४ एई' अशी दिसायला हवी. दिसत होतं ते असं: सहा एफ आणि ई०, सहा एफ आणि ए४, सहा एफ आणि एई. ओळ पार पडद्याबाहेर.

"शेअर का?" काका माझ्या लॅपटॉपात डोकावले.

"नाही काका. फाइल आतून दाखवणारा प्रोग्राम आहे."

"मग हे एफ एफ एफ? नापास?"

"ती चूक आहे. तीच काढतोय."

"कुणाची?"

"आधी ज्यानं लिहिलं त्याची. तो गेला."

"अरेरे! कशानं?"

"कॅनडाला गेला, काका."

काका बँकेतून रिटायर झालेले. ताळेबंदातला फरक शोधण्यात आपला हात कुणी धरू शकत नसे, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. "किती यायला हवे होते?"

मी मूर्खासारखं खरं उत्तर दिलं. "ई० म्हणजे दोनशे चोवीस. मशीन समजतंय उणे बत्तीस."

"म्हणजे फरक दोनशे छप्पन्न. नऊने भागा."

"कशाला?"

"नऊने भाग गेला की आकड्यांची अदलाबदल. चोपन्नच्या जागी पंचेचाळीस. भागा तर!"

भाग जात नाही, म्हटलं. (अदलाबदलच हवी तर हेक्सडम्प नावाची कमांड आहे. आमच्या इंटेलवर ती नुसती चालवली की शेजारचे दोन बाइट उलटे दाखवते आणि ती चूकही नाही. पण हे मी बोललो नाही. बोललो असतो तर ठाण्यापर्यंत सुटका नव्हती.)

"मग दोनने भागा. गेला ना? रक्कम जमेऐवजी नावे पडलीय."

आता राग असा की हे जवळजवळ बरोबर होतं. सी भाषेतला कॅर (एक बाइट ठेवायचा प्रकार) इंटेल मशीनवर अधिक-उणे चिन्ह धरून चालतो. १२७ च्या वरचा बाइट आला की त्याला तो उणे वाटतो आणि छापताना रुंद केला की पुढची जागा एफ लावून भरतो. उपाय साधा: कॅरच्या आधी 'अनसाइन्ड', म्हणजे बिनचिन्हाचा, असं लिहायचं. ते मला पुणे स्टेशनावरच कळलं होतं! काकांनी मात्र पलीकडच्या बाकापर्यंत जाहीर केलं, "यांची चूक काढून दिली मी." मी तो शब्द टाइप करताना त्यांनी नीट पाहिलं आणि मग ते पगाराचं वाक्य आलं. पलीकडच्या बाई हसल्या. चहावालाही हसला.

काकांचं एक वेळ सोडून देईन. ऑफिसचं काय? हीच तक्रार आधी एका साहेबांनी 'माझ्याकडे चालतंय' म्हणून बंद केली होती. अर्थात चालणार! त्या साहेबांकडे एआरएमचा (इंटेलहून वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा) बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि तिथे कॅर मुळातच बिनचिन्हाचा. मी दुरुस्तीसोबत चाचणी म्हणून 'मराठी' एवढ्या एका शब्दाची फाइल जोडली. रिव्ह्यूमध्ये उत्तर आलं: टेस्टमध्ये हिंदी कशाला, साधा मजकूर वापरा.

साधा मजकूर म्हणजे इंग्रजी. त्याचे सगळे बाइट १२७ च्या आत, त्यामुळे हा बग त्यात जन्मात दिसणार नाही. इतकी वर्षं दिसला नाही तो त्याचमुळे. उत्तर लिहून ठेवलंय. त्यातल्या शिव्या काढून झाल्या की पाठवतो.