शास्त्रज्ञ म्हणवून घेण्यासाठी पीएच.डी.ची अट कशाला?

पीएच.डी. नसलेल्या व्यक्तीने स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवून घेऊ नये, हे एका लेखात वाचलेले विधान मला मान्य नाही. मायकेल फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत वाढले, विद्यापीठात ते कधीच शिकले नाहीत, तरीही १८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होण्याचा) शोध लावला. आणि २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्यांना विभागून मिळाले, त्या कोइची तानाका यांच्याकडे अभियांत्रिकीची केवळ पहिली पदवी होती. ‘सायंटिस्ट’ हा शब्दच मुळी इंग्रज विद्वान विल्यम ह्यूएल यांनी १८३० च्या दशकात घडवला, म्हणजे न्यूटन यांनाही तो त्यांच्या हयातीत कोणी लावला नव्हता.

मी काही वर्षे एका प्रयोगशाळेत काम केले आहे. आमच्या मापनात दिसणारी वाढ नमुन्यामुळे नसून उपकरण तापल्यामुळे येत असावी, ही शंका तेथील डॉक्टरेट नसलेल्या एका तंत्रज्ञ बाईंनी घेतली, नमुना न ठेवता तेच मापन अनेकदा करून ती खरी ठरवली, आणि आम्हांला कित्येक आठवड्यांचे आकडे बाद करावे लागले. आपलेच अनुमान खोटे ठरू शकेल असा प्रयोग आखणाऱ्या आणि इतरांना तपासता येतील अशा नोंदी ठेवणाऱ्या त्या बाईंना मी तेव्हाही शास्त्रज्ञ मानत होतो व आजही मानतो.