आप्पा, तो रोट खायला खाली आला होता ना?

आप्पा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नाव न देता तुम्ही खाली 'यावल तालुक्यातला एक आजोबा' एवढंच लिहिलंत, म्हणून आप्पा म्हणते. आमच्या आजोबांनाही आम्ही आप्पाच म्हणायचो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी जमली आणि कॉलेजात जाणारा तुमचा नातू वरच्या खोलीत दार लावून बसला. हाका मारल्या तर त्याने मोबाईलवर माझा सोशल अँग्झायटीवरचा, म्हणजे चारचौघांत वावरण्याच्या भीतीवरचा, लेख दाखवला. सगळे पांगल्यावर मात्र खाली येऊन प्रसादाचा रोट खाल्ला. 'लाजरी पोरं आमच्या काळीही होती. तुम्ही त्यांच्या हातात बहाणा दिलात, वर डिप्रेशनची भीती घातलीत,' हे तुमचं वाक्य मला लागलं. त्यात काही खरं आहे म्हणून लागलं.

आधी माझी चूक. 'या भीतीचं पुढचं स्टेशन डिप्रेशन' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य आज काढून टाकते. ही भीती असलेल्या प्रत्येकाला डिप्रेशन येत नाही. धोका वाढतो हे खरं, आणि ज्यांना दोन्ही होतं त्यांच्यात बहुधा भीती आधी येते, शाळेच्या वयात, आणि उदासी काही वर्षांनी. असं का होतं ते सांगायला हवं होतं, तेच राहून गेलं.

लाजरं पोर पाहुण्यांना बघून आईच्या पदराआड जातं आणि अर्ध्या तासाने त्यांच्याच मांडीवर बसलेलं असतं. माझं तसं झालं नाही. एकोणीस वर्षांची असताना चुलत बहिणीच्या लग्नात मी बट्टीवर तूप वाढायला उभी राहिले. पहिल्याच पंगतीत हात थरथरला आणि तूप एका पाहुण्याच्या बाहीवर सांडलं. कोणी काही बोललं नाही. तरी पुढची सहा वर्षं मी कुठे वाढलं नाही. मग पंगतीला बसणंही सोडलं, कारण कोणी बघत असलं की घास उतरत नसे. पारोळ्याहून एसटीने गावी येताना फाट्यावर 'थांबवा' म्हणायला तोंड उघडेना. पुढच्या गावाला उतरून वैशाखाच्या उन्हात मागे चालत यायचे. बँकेत समोरचा माणूस बघत असला की सही जुळत नसे. घरात कार्य असलं की आधी चार दिवस झोप नाही आणि नंतर आठवडाभर रोज रात्री तोच तपास: मी काय बोलले, ती का हसली.

टाळलं की लगेच सुटल्यासारखं वाटतं, आप्पा. घात तिथेच होतो. गेलो नाही म्हणून वाचलो, असं मनाला पटतं आणि पुढच्या वेळी पाय आणखी जड होतात. माझे अखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके गेले, हिवाळ्यातलं मळ्यातलं भरीत गेलं, मैत्रिणींनी बोलावणं सोडलं. जिथे जिथे जरा आनंद मिळायचा, तिथलं जाणं मीच बंद करत गेले. मग उदास व्हायला वेगळं कारण लागलं नाही. आधी मळ्यातून हसण्याचा आवाज आला की जावंसं वाटायचं, फक्त जाववत नसे. एका हिवाळ्यात लक्षात आलं की आता जावंसंही वाटत नाही. भीती आणि डिप्रेशन यांतला फरक मला तिथे कळला.

आपल्याकडे खानदेशात यात आणखी एक भर पडते. शहरात एखादा आला नाही तर कोणाच्या ध्यानात येत नाही. इथे 'कोना आंडोर शे?' (कोणाचा मुलगा?) विचारणाऱ्या म्हाताऱ्यापासून सगळ्यांचं लक्ष असतं. ती मायाच असते, पण न येणाऱ्याला 'घुम्या', 'माणूसघाणा' अशी नावंही तिथेच पडतात.

हे मोबाईलमुळे आलेलं नवं खूळ आहे असं म्हणाल, तर जपानमध्ये शोमा मोरिता या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच अशा भीतीचं वर्णन केलं आणि उपचारही केले. अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत हा विकार १९८० साली आला. आणि पोरांना डॉक्टरांचं वेड लागलंय असंही दिसत नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना होते. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण खानदेशाला लागून असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते.

पण एका बाबतीत तुम्ही बरोबर आहात. दार लावून बसणं हा उपाय नव्हे, आणि माझा लेख त्यासाठी ढाल म्हणून वापरला जात असेल तर मला वाईट वाटतं. माणसांत जाणं हाच यावरचा उपचार आहे, फक्त तो पायऱ्यापायऱ्यांनी करावा लागतो. समुपदेशक बाईंनी मला दिलेली पहिली पायरी होती, बाजारात वांग्यांचा भाव विचारायचा आणि न घेता पुढे जायचं. त्याला मला तीन आठवडे लागले. तूप वाढणं यादीत फार खाली होतं. डॉक्टरांनी गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत फरक नाही असं म्हणून स्वतःहून बंद करू नयेत.

नातू जेवेनासा झाला, कॉलेज सुटलं, आवडीचं काही उरलं नाही असं दिसलं, तर थांबू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि जगावंसं वाटत नाही असं तो बोललाच, तर त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका.

पण सगळे गेल्यावर तो खाली आला, रोट खाल्ला, याला तुम्ही ढोंग म्हणालात. मला तर तुमच्या पत्रातली तीच चांगली खूण वाटली. कानबाई त्याला हवी आहे. अवघड जातात ती चाळीस माणसं. पुढच्या वेळी कोण कोण येणार ते त्याला आदल्या दिवशी सांगा. सकाळी दोघं-तिघंच आलेले असताना एखादं काम देऊन खाली बोलवा, आणि वर परत जायची मोकळीक ठेवा. 'आले बघा साहेब' असं कोणी म्हणणार नाही, एवढं तुम्ही बघा; तुमचा शब्द घरात चालतो.

त्या रात्री तो रोट खात होता तेव्हा त्याच्या शेजारी कोणी बसलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. नसेल, तर आज जेवताना तुम्हीच बसा. काही विचारू नका.